लोकांच्या आधी आपल्या कानात

महाराष्ट्रात डीजे म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते. कोल्हापूर-सांगलीकडे तिला डॉल्बी म्हणतात, बाकीकडे नुसतं डीजे. मिरवणूक, हळद, जयंती, वरात. मागे जनरेटरचा धूर, पुढे नाचणारी पोरं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात डेसिबलचे आकडे. या भिंतीवर अग्रलेख लिहून झाले, उच्च न्यायालयात वाद झाले, घराघरांत भांडणंही झाली. ही पुस्तिका त्या भिंतीबद्दल नाही. भिंतीच्या आड लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाच्या हाताखाली जे दोनेक किलोचं यंत्र असतं, त्याबद्दल आहे. त्यातही ते पहिल्यांदाच, खिशाला जपून विकत घेणाऱ्यांसाठी आहे.

असे घेणारे आता तऱ्हेतऱ्हेचे भेटतात. हळदीच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकाच्या हाताखाली केबली गुंडाळता गुंडाळता शिकलेला पोरगा असतो. हिंजवडीत नोकरी करून शनिवारी रात्री घरातच हाऊस म्युझिक वाजवणारी मुलगी असते. सोसायटीच्या गणपतीत ‘तूच लाव रे गाणी’ म्हणून पुढे ढकललेला कुणी असतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कमीत कमी किती पैशांत मिक्सर येईल? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर नुसत्या आकड्यात दिलं की माणूस हमखास भलत्या वस्तूकडे वळतो. बाजारात मिक्सर या एकाच नावाखाली तीन-चार वेगळी यंत्रं विकली जातात, आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त बहुधा डीजेच्या कामाचं नसतं.

डीजे मिक्सरचं काम काय? दोन गाणी एकमेकांत मिसळणं, असं कुणीही सांगेल. ते खरं असलं तरी अर्धंच आहे. नुसतं मिसळायला आवाज कमी-जास्त करणारे दोन फेडर पुरतात; एक खाली आणायचा, दुसरा वर न्यायचा. खरी गोम अशी की पुढचं गाणं लोकांना ऐकू यायच्या आधी ते वाजवणाऱ्याला ऐकू यायला हवं. लोक पहिल्या गाण्यावर नाचत असताना त्याच्या हेडफोनमध्ये दुसरं चालू असतं. तिथेच तो त्याची लय जुळवतो, सम धरतो, आवाजाचा अंदाज घेतो आणि मग फेडर वर सरकवतो. या आधी ऐकण्याला क्यू म्हणतात. ही सोय ज्यात धड नाही, ते यंत्र कितीही दिवे लुकलुकवो, डीजेच्या उपयोगाचं नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी जे काही सांगितलंय ते या एका गोष्टीला धरून सांगितलंय.

ही सोय सुरुवातीपासून सगळ्यांना मिळत होती असं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांसाठी अ‍ॅलेक्स रोझनर या ध्वनी-अभियंत्याने मिक्सर बांधून दिला. त्याच सुमारास रूडी बोझॅक यांच्या कंपनीने क्लबांसाठीचा मिक्सर बाजारात आणला. माल महागडा, क्लबमालकांच्याच आवाक्यातला. त्याच शहराच्या ब्राँक्स भागात जोसेफ सॅडलर नावाचा मुलगा शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. पुढे जगाने त्याला ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने ओळखलं. त्याने आपल्या साध्या मिक्सरवर एक टॉगल स्विच चिकटवला, हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आणि लोकांना न कळता या किंवा त्या रेकॉर्डवर कान टाकायची सोय करून घेतली. या जुगाडाला त्याने पीक-अ-बू असं नाव दिलं होतं. कमी पैशांत सेटअप उभा करणाऱ्यांचा मूळपुरुष शोधायचा तर मी त्याच्याकडेच बोट दाखवीन. पैसे कमी होते, पण नेमकं काय कमी पडतंय हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

आता गाणी लॅपटॉपमध्ये आली, आणि मिक्सरही दोन ठिकाणी राहू लागला. एक म्हणजे टेबलावरचा सुटा मिक्सर. त्याला दोन्ही बाजूंनी रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी-पेनड्राइव्हचे प्लेअर जोडायचे, आवाज खरोखर त्याच्यातून वाहतो. दुसरा कंट्रोलरमधला. कंट्रोलरवरचे फेडर आणि नॉब आवाजाला हातही लावत नाहीत. ‘फेडर इतका सरकला’ एवढा निरोप ते लॅपटॉपला देतात, मिसळायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि तयार झालेला आवाज कंट्रोलरमधल्या साउंडकार्डातून बाहेर पडतो. मिक्सर, गाणं पुढे-मागे करायच्या दोन चकत्या आणि साउंडकार्ड असं सगळं एकाच डब्यात मिळतं.

नवशिक्याने सुटा मिक्सर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. घेतलात तर त्याच्या दोन्ही बाजूंना जोडायला प्लेअर लागतील, आणि ते मिक्सरपेक्षा महाग. घरात आधीपासून दोन चांगले टर्नटेबल असतील, तर गोष्ट वेगळी. मग पायोनियरचा डीजेएम-२५०एमके२ किंवा अ‍ॅलन अँड हीथचा झोन:२३सी असा, पोटात साउंडकार्ड असलेला मिक्सर बघावा. टाइमकोडच्या खास रेकॉर्डी लावून लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून वाजवता येतात. एकूण हा रस्ता सुंदर असला तरी खर्चीक आहे. पहिल्या खरेदीत त्याचा विचार बहुतेकांना परवडणार नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते यूएसबी या तीन अक्षरांपाशी. दुकानात मिक्सरच्या खोक्यावर यूएसबी छापलेलं असतं, गिऱ्हाइकाला वाटतं की लॅपटॉप जोडला की झालं. पण त्या भोकाचे तीन वेगळे अर्थ असू शकतात. काही मिक्सरमध्ये ते फक्त पेनड्राइव्ह खोचून गाणी वाजवायला असतं. लॅपटॉपशी त्याचा काही संबंध नाही. काहींमध्ये लॅपटॉपशी आवाजाची देवाणघेवाण होते, पण एकाच स्टीरिओ जोडीची. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. भजन, गायन, सूत्रसंचालनाचे चार माइक यांना उत्तम मिक्सर. पण यूएसबीतून त्याला दोनच वाटा येतात, एक डावी आणि एक उजवी. त्या वाटांनी लोकांना ऐकवायचं गाणं गेलं की हेडफोनमधल्या गाण्याला वाट उरत नाही. डीजेच्या कामाला लॅपटॉपमधून निदान चार वाटा बाहेर पडायला हव्यात: दोन मास्टरच्या, दोन हेडफोनच्या. तिसरा अर्थ तो हा, आणि तो कंट्रोलरमध्ये मिळतो. दुकानदाराला ‘यूएसबी आहे का’ असं विचारू नका. ‘साउंडकार्ड किती चॅनेलचं’ असं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर डबा उलटा करून मागची बाजू स्वतः बघा. मास्टर आणि हेडफोन अशी दोन वेगळी भोकं यंत्रावरच असली पाहिजेत.

सगळे कंट्रोलरही या परीक्षेत पास होत नाहीत. पायोनियरने २०१९ मध्ये काढलेल्या डीडीजे-२०० मध्ये साउंडकार्डच नव्हतं. मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठी बनवलेला तो स्वस्त कंट्रोलर. सोबत एक स्प्लिटर केबल यायची. ही केबल मोबाइलच्या एकाच भोकातून येणारा स्टीरिओ आवाज दुभागते. एक अर्धा स्पीकरला, एक अर्धा हेडफोनला. काम भागतं, पण दोन्हीकडे आवाज मोनो होतो. घरी बोटं बसवायला चालेल. बाहेर वाजवायचा विचार असेल तर असल्या यंत्रात पैसे गुंतवू नका.

हेडफोनची सोय झाली की तिच्या खालोखाल बघायचा तो गेनचा नॉब. काही कंट्रोलरवर त्याला ट्रिम लिहिलेलं असतं. प्रत्येक चॅनेलच्या माथ्यावर असणारा हा नॉब दिसायला फालतू, आणि स्वस्त यंत्रांत पहिली कुऱ्हाड याच्यावरच पडते. पण आपल्याकडच्या गाण्यांना त्याच्यावाचून गती नाही. साठ वर्षांपूर्वीचं कोळीगीत आणि गेल्या वर्षीचं रिमिक्स यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाणं लोकांपुढे जायच्या आधी हेडफोनमध्ये त्याचा सगळ्यात जोरकस भाग लावायचा, चॅनेलच्या दिव्यांकडे बघायचं आणि गेन इतकाच उघडायचा की हिरवे दिवे भरून पिवळा मधूनमधून लागेल. लाल लागता कामा नये. डिजिटल आवाजाला वर एक छत असतं. त्याच्या पलीकडे रेटलं की लाटांची डोकी सपाट कापली जातात आणि आवाज मोठा न होता फाटतो. असा फाटलेला आवाज मोठ्या सिस्टमवर तासभर चालला तर टॉपचे डायफ्राम उडतात, आणि मग साउंडवाला भाड्याच्या पैशांऐवजी तुमची कॉलर धरतो. जोर कमी वाटला तर तो अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवायचा, लाल दिव्यात नव्हे. आणि निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हेही ध्यानात असू द्या. रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरला तर बंदीच.

गेनच्या खाली इक्वलायझरचे तीन नॉब असतात: हाय, मिड, लो. ते तीनही असावेत, वेगळे असावेत, एवढंच. दोन गाण्यांचे बेस एकदम चालले की नुसता गडगडाट होतो. म्हणून एकाचा लो पूर्ण पाडून दुसऱ्याचा आत आणतात. हात बसला की ही गोष्ट दोन दिवसांत जमते.

त्यापेक्षा वेळ लागतो लय जुळवायला, आणि इथे मला सिंक बटणाबद्दल दोन शब्द बोलायचेच आहेत. हे बटण दाबलं की सॉफ्टवेअर दोन्ही गाण्यांचा वेग मोजून ते एका ठेक्यावर आणतं. त्याला नाकं मुरडणारे जुने डीजे भरपूर भेटतील. मी त्यातला नाही. संगणकावर तयार झालेल्या गाण्यांचा वेग शेवटपर्यंत तसूभर हलत नाही, तिथे सिंक वापरावं आणि डोकं दुसऱ्या कामाला लावावं. पण हाडामांसाच्या माणसांनी ढोलकी, हलगी, संबळ वाजवून ध्वनिमुद्रित केलेली जुनी गाणी घ्या. लावणीत ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, कडव्यात जरा उतरते. सॉफ्टवेअर अशा गाण्यावर सरळ रेघा मारून ठेवतं आणि तिसाव्या सेकंदाला गाणं त्या रेघांतून निसटतं. जुन्या लोकगीतांत रमणाऱ्या मराठी डीजेला म्हणूनच कान आणि हात तयार ठेवावे लागतात. चकतीला बोटाने हलका धक्का देऊन गाणं क्षणभर पुढे-मागे करायचं असतं, वेगाचा फेडर केसभर हलवायचा असतो. चकती नाण्याएवढी आणि फेडर आगपेटीएवढा असेल तर हे जमत नाही. अगदी छोटे, खिशात मावणारे कंट्रोलर मी या एका कारणासाठी नापास करतो. प्रवासात नेण्यापुरते ते ठीक आहेत.

रंगीत पॅड, त्यावरचे सॅम्पल, सायरनचे आवाज, वीसेक इफेक्ट, चार चॅनेल: यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका. दोन चॅनेलवर हात बसायलाच वर्ष जातं.

मग घ्यावं काय? नावं सांगतो, पण ती अंतिम समजू नयेत. मॉडेलं दोन-तीन वर्षांत बदलतात. पायोनियरचा डीडीजे-४०० २०१८ मध्ये आला आणि कित्येकांचा पहिला कंट्रोलर ठरला. त्याच्या जागी आता डीडीजे-एफएलएक्स४ आहे. दोन चॅनेल, ट्रिम, तीन नॉबचा इक्वलायझर, वेगळा हेडफोन, माइकसाठी भोक. क्लबमध्ये पायोनियरचीच यंत्रं जास्त दिसतात आणि याची मांडणी त्यांच्याशी जुळते, त्यामुळे पुढे हात अडखळत नाही. हरक्युलिसचा इनपल्स ३०० शिकणाऱ्यांसाठीच बनवलाय. लय कुठे चुकतेय, गाणं हळू आहे की जलद, हे त्याचे बाणाचे दिवे दाखवतात आणि कान तयार झाला की ते बंद ठेवता येतात. न्यूमार्कच्या मिक्सट्रॅक मालिकेत चकत्या मोठ्या मिळतात. या तिघांत फार डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. जो हाताला बसेल, आणि ज्याची दुरुस्ती तुमच्या शहरात होते, तो घ्यावा. सॉफ्टवेअरचं साधं रूप बहुतेक यंत्रांबरोबर फुकट मिळतं. त्यात आपला सेट रेकॉर्ड करता येतो का, हे आधीच विचारून घ्या, कारण स्वतःचं वाजवणं दुसऱ्या दिवशी ऐकण्यासारखा गुरू नाही. पूर्ण फुकट हवं तर मिक्स्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००१ पासून चालू आहे आणि लिनक्सवरही चालतं.

बाहेर वाजवायला लागलात की स्वस्त कंट्रोलरची एक खोट उघडी पडते. त्यांच्या पाठीमागे बहुधा आरसीएच्या लाल-पांढऱ्या पिनाच असतात. साउंडवाले जिला कॅनन म्हणतात ती एक्सएलआर पिन वरच्या किमतीत मिळते. आरसीएची केबल तीन-चार मीटरपेक्षा लांब ओढली की वाटेतला विजेचा गोंगाट उचलू लागते. उपाय सोपा आहे. साउंडवाल्याचा मिक्सर आपल्याजवळ मागून घ्यावा, आपली छोटी केबल त्यात द्यावी आणि पुढचं लांब अंतर त्याच्या कॅनन केबलने जाऊ द्यावं. आरसीए ते पी-३८ (पाव इंची जाड पिन) अशी केबल बॅगेत कायम असू द्या, दोन असल्या तर उत्तम.

तरीही स्पीकरमधून घुंऽऽ असा हम येत राहिला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम थांबला तर दोष मिक्सरचा नाही. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या जागी अर्थ झालेत आणि त्यांच्यात केबलमधून वीज खेळतेय. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स लावला की ही कटकट मिटते. मंडपात यावर सर्रास एक दुसराच इलाज करतात: प्लगची तिसरी, अर्थची पिन मोडून टाकतात. पावसात, जनरेटरवर, लोखंडी स्टेजवर असला प्रकार जिवावर बेततो. तो कुणी सुचवला तर सरळ नकार द्या.

घरच्या सरावाला ब्लूटूथ स्पीकर मात्र वापरू नका. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो, आणि ब्लूटूथ आवाज पोचवायला त्यातला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज खातो. हेडफोनमध्ये जुळलेली लय स्पीकरवर मागे पडलेली ऐकू येते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच कान कच्चा. वायरचा जुना होम थिएटर असेल तरी चालेल. लॅपटॉपमध्येही असाच उशीर असतो, तो बफरवर ठरतो: २५६ सॅम्पलला सुमारे ६ मिलिसेकंद, १०२४ ला २३. कमी ठेवला तर दुबळा लॅपटॉप अडखळतो, म्हणून आवाज तुटेपर्यंत खाली आणायचा आणि मग एक पायरी वर जायचं.

पैशांची वाटणी कशी करावी, यावर पुढे एक अख्खं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो की शंभरातले साठ कंट्रोलरला, पंचवीस बंद कपांच्या चांगल्या हेडफोनला आणि उरलेले केबली, बॅग व स्टँडला ठेवा. लोक नव्वद कंट्रोलरला घालतात आणि मोबाइलच्या इअरफोनवर क्यू ऐकायला बघतात. घरात जमतं, स्पीकरशेजारी उभं राहिल्यावर त्यातून काहीही ऐकू येत नाही. केबली पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, पण फार स्वस्ताच्या नादी लागू नका. पिनेची मान पहिल्याच महिन्यात ढिली होते.

जुनं घेणं वाईट नाही. मी तर त्याच बाजूचा. फेडर हळूहळू वर-खाली करून खरखर येते का बघा, हेडफोनची पिन भोकात फिरवून एका कानाचा आवाज जातो का बघा, यूएसबीची वायर जरा हलवून यंत्र बंद पडतं का बघा. आणि त्याचा ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपवर चालतो का, हे पैसे देण्याआधी. अ‍ॅपलने २०१९ मध्ये कॅटलिना आणली आणि ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअरं मॅकवर चालेनाशी झाली. तशी जुनी सॉफ्टवेअरं लागणारे कंट्रोलर आजही स्वस्तात विकायला असतात.

किमतींचे आकडे या पुस्तिकेत मुद्दाम दिलेले नाहीत. ते दर सणाला बदलतात आणि छापील आकडा वर्षभरात शिळा होतो. दुकानात जाताना आपला लॅपटॉप, आपला हेडफोन आणि आपली दोन गाणी घेऊन जा. एक जुनं, ढोलकीचं आणि एक अलीकडचं. यंत्र जोडायला सांगा. एक गाणं स्पीकरवर चालू ठेवून दुसरं फक्त हेडफोनमध्ये ऐका, गेनने दोन्हीचा आवाज सारखा करा, बेस एकाचा काढून दुसऱ्याचा आणा. याला दहा मिनिटं पुरतात. दुकानदार तेवढं करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा; आणि करू देत असेल, तर घासाघीस जरा कमी करा, पण पक्कं बिल आणि वॉरंटीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.